मिठाची खाज

चैत्राच्या दुपारी खारेपाटातलं ते घर झोपायचं म्हणजे अगदी गाढ झोपायचं. स्वयंपाकघराच्या गार फरशीवर धोंडुबाई हाताची उशी करून आडवी, आतल्या खोलीत सून शीतल भिंतीकडे तोंड करून, आणि मुलगा प्रणित डोलवीला कंपनीत पहिल्या शिफ्टला. जागा काय तो छताचा पंखा, आणि पडवीत टांगलेल्या झोळीतून अधूनमधून पाय झाडणारी दहा महिन्यांची ऋतुजा.

धोंडुबाईचा नवरा कान्हू मिठागरावरून घरी यायचा तो नेमका ह्याच वेळेला. "ऊन डोक्यावर आलं का मीठ आपलं आपन पिकतं, मानसाचं तिकडं काय काम नाय," असं तो विचारलं नाही तरी सांगायचा. खरंच होतं ते. पण एवढी वर्षं तो दुपारभर तिथेच बांधावरच्या खोपीत पडून राहायचा, हे सांगायचं मात्र विसरायचा.

पिंपातल्या पाण्याने पाय धुवायचे तेही आवाज न करता. आपल्याच घरात चोरासारखं वावरायची वेळ आली होती गड्यावर, आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली होती. प्रणितने निडीच्या आदिवासी वाडीवरच्या शीतलशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा गावदेवीच्या देवळासमोर, चार माणसांत, कान्हू छाती काढून बोलला होता, की हिचं पोर माझ्या मांडीवर बसनार नाय म्हंजे नाय. पुढे धोंडुबाईने रडून-भांडून मुलाला-सुनेला घरात आणलं. कान्हूने अडवलं नाही, पण सुनेशी एक शब्द बोलला नाही. ती वाढायला आली की हा ताटावरून मान वर करायचा नाही. पोर झाली तेव्हा सगळं गाव बघून गेलं, हा मिठागरावर गेला.

आणि आता रोज दुपारी झोळीत वाकून बघत होता. पोरगी जागीच असायची. त्याला बघून हसायची, तेही तोंडातल्या तोंडात, तिलाही सगळं ठाऊक असल्यासारखी. मग कान्हू तिला उचलून खांद्यावर घ्यायचा. मांडीवर कधीच नाही. मांडीवर बसनार नाय असं आपण बोललो, खांद्याचं कुठं काय बोललो, असा त्याचा हिशेब होता. देवीला तो पटला असेल की नाही, तिचं तिला माहीत.

पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो तिला घेऊन हळूहळू चालायचा. तिचा ऊन ऊन श्वास मानेवर यायचा. समोर मिठाच्या वाफ्यांवरून हवा थरथरत असायची, आणि त्या थरथरीत खाडी कुठे संपली, आभाळ कुठे लागलं ते कळेनासं व्हायचं. डोळे अर्धे मिटायचे. कधी वाटायचं, खांद्यावर प्रणितच आहे, अजून बोलायला लागायचाय, अजून आपल्यावर रुसायचाय. कधी तर वाटायचं, आपणच कुणाच्या तरी खांद्यावर आहोत आणि चालतंय दुसरंच कुणीतरी. एकदा तर तो तसाच खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला, आणि जागा झाला तेव्हा पोरीने मुठीत त्याचा कान धरून ठेवला होता. आयुष्यात त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला, ही पंचाईतच होती.

एकच गोष्ट ह्या सुखात खुपत होती. पोरीच्या अंगावर काहीतरी उठलं होतं. माघात आधी तळपायाला आणि तळहाताला बारीक बारीक फोड आले, मग पोटावर, मग काखेत. ती पायावर पाय घासत राहायची. संध्याकाळपासून जी किरकिर सुरू व्हायची ती शीतलला उजाडेपर्यंत पाठ टेकू द्यायची नाही. घरात पहिल्यांदा सगळ्यांनी ठरवून टाकलं की घामोळं आहे. डब्यांनी पावडर फासली. मग धोंडुबाईने कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळी घातल्या. मग शेजारणीच्या सांगण्यावरून हळद आणि खोबरेल झालं, नि पोरगी पिवळीधमक होऊन आणखी जोरात रडायला लागली. शेवटी शीतलने कुणाला न विचारता पेणला डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी पोरीचा तळवा उजेडात धरला आणि म्हणाल्या, ही खरूज आहे.

खरूज म्हटल्यावर धोंडुबाईने तोंडाला पदरच लावला. आपल्या घरात, आणि खरूज. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ह्यात लाजण्यासारखं काही नाही. बारीकसा किडा कातडीत शिरतो, जवळ घेतलं की एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तो गरीब-श्रीमंत बघत नाही. पोरीला जे जे घेतात त्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, सकाळी आंघोळ करायची, कपडे नि अंथरुणं गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायची. आठवड्याने पुन्हा एकदा. खाज असो की नसो, लावायचं सगळ्यांनी.

सगळ्यांनी लावलं. शीतलची आई येसू तेव्हा पोरीला बघायला येऊन-जाऊन असायची, तिलाही निडीला मलम पाठवलं. राहिला एक कान्हू. "बाबांना कशाला?" प्रणित जरा कडूच बोलला होता. "ते तर तिच्याकडं बघत पण नायत." आणि कान्हू भिंतीकडे बघत म्हणाला होता, "मला नको."

पोरगी बरी झाली. चार रात्री घर शांत झोपलं. आणि मग पुन्हा तळपायाला तेच बारीक फोड.

आता घराला गुन्हेगार पाहिजे होता, आणि तो शोधायला लांब जावं लागलं नाही. वाडीवरची बाई, कुठे कुठे फिरते, कुणाकुणाची पोरं घेते. येसू होळीला गावठी कोंबडी घेऊन आली, तर धोंडुबाई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. "पोर बरी झाली का कलवतो हां," म्हणाली. येसूने आत एकदा बघून घेतलं. कोंबडी अंगणात खुंटाला बांधली आणि आली तशी स्टेशनकडे चालू लागली. कान्हू पडवीत बसला होता. त्याने पायाच्या नखाकडे बघत सगळं ऐकलं, आणि मधे एक अक्षर बोलला नाही.

चैत्रातल्या एका रविवारी रोह्याहून नम्रता आली. ही कान्हूची थोरली लेक. माहेरात कुठे काही वाकडं झालं की पहिल्या गाडीने हजर, आणि चपला काढता काढताच निकाल देणारी. तिने आल्या आल्या पोरीला लांबूनच "काय गो माझी बाय" केलं आणि खुर्ची पुसून बसली. तेवढ्यात शीतल नि प्रणित पेणहून परत आले. मोटरसायकल अंगणात लागली. कान्हू पडवीच्या पायरीवर तळहात मांड्यांवर घासत बसला होता.

"काय म्हनल्या?" धोंडुबाईने विचारलं.

"औषध बरोबर हाय म्हणाल्या," शीतलने पोरीला झोळीत ठेवलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "पोरीला घेणारं कुणीतरी एक माणूस सुटलंय. त्याच्याकडनं पुन्हा पुन्हा येतंय. त्याला लावल्याशिवाय हिची सुटका नाय."

"मग ते मानूस कोन, ते काय सांगायला पायजे?" नम्रता म्हणाली.

"ताई, आईला मलम पाठवलं होतं. तिनं लावलं. होळीपासून तर तिनं पोरीचं तोंड पण पाहिलं नाय."

"लावलं, ते तू बघायला गेली होतीस? तिकडं ओट्यावर पोरंटोरं, कुत्री, सगळी एकात एक. तिकडनं दुपटी येतात, गोधड्या येतात."

"गोधडी माझ्या आईनं शिवली, ती तुम्ही पाठवलेल्या दुपट्यापेक्षा स्वच्छ हाय," शीतल म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पण एवढं ती ह्या घरात पहिल्यांदाच बोलत होती.

"आई, बघ. बघ कशी बोलते."

धोंडुबाई एरवी लेकीच्या बाजूने लगेच झुकायची. आज ती नुसती झोळीची दोरी हलवत राहिली. रात्र रात्र पोरीला ह्या सुनेबरोबर तीच घेऊन बसत होती, आणि जागरणाने दोघींना न बोलता जवळ आणलं होतं. "भांडू नका गो," एवढंच ती म्हणाली.

"मी भांडत नाय. मी उपाय सांगते," नम्रता पुढे सरकली. "हिनं पोरीला घेऊन निडीला जावं. पूर्ण बरी होईपर्यंत. असंल ते तिकडंच मिटू दे. इकडं सगळं घर खाजवत बसलं तर गावात काय तोंड दाखवनार आपन? माझ्या सासरी कळलं तर मला येऊ द्यायचे नायत."

प्रणित भिंतीला टेकून उभा होता. "आनि तिला नेऊन सोडनार कोन? मी?"

"जाते मी," शीतल म्हणाली. "पण ताई, ऐकून ठेवा. रोग लावला म्हणून ह्या दारातून गेले, तर पोरीला घेऊन मी परत येणार नाय."

"मग मी पण नाय येनार," प्रणित म्हणाला. "डोलवीला खोली बघतो."

पायरीवर बसल्या बसल्या कान्हूला पुढचं सगळं दिसलं. झोळी रिकामी. दुपारी पाय धुऊन आत यायचं, आणि पडवीत नुसता पंखा. त्याला एकदम आपलं वय कळलं. एवढी वर्षं ते कुठे होतं कोण जाणे.

"डॉक्टरीणबाईंनी अजून काय विचारलं?" धोंडुबाई वेळ काढत होती. सुनेने बॅग उतरवू नये म्हणून ती काहीही विचारत राहिली असती.

"घरात कुणाला खाज येते का, विचारलं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला. दिवसा कमी, अंथरुणात अंग टेकलं की जास्त."

कान्हूचे हात मांड्यांवर थांबले.

मिठागरावरच्या माणसाचे हात खाजतातच. त्याच्या बापाचे खाजायचे, चुलत्यांचे खाजायचे. लाकडी फळीने मीठ ओढता ओढता भेगा पडतात, भेगांत मीठ बसतं, आणि माणूस खाजवत खाजवत म्हातारा होतो. त्या भागात मिठागऱ्याला खाजवताना बघून कुणी कधी विचारत नाही, की बाबा, तुला काय झालं? कान्हूनेही स्वतःला विचारलं नव्हतं. पण मिठाची खाज उन्हात चावते आणि रात्री तेल चोळलं की गप्प बसते. ही तर तेल लावून पडलं की जागी व्हायची. गेला महिनाभर तो रात्री मनगटं गोधडीला घासत होता, आणि सकाळी उठून त्याच हातांनी मीठ ओढून, दुपारी त्याच हातांनी पोरीला खांद्यावर घेत होता.

त्याने डावा पंजा उघडून बोटं फाकली. बेचक्यांत तेच बारीक फोड होते, जे त्याने रोज दुपारी तिच्या तळपायावर बघितले होते.

माणसाचं मन मोठं लबाड. कान्हूच्या मनाने तेवढ्यात एक वाट शोधलीसुद्धा. मलम कपाटात आहे. गुपचूप लावू, सकाळी मिठागरावरच आंघोळ करू. पोरगी बरी होईल, देवीसमोरचा शब्दही राहील, कुणाला पत्ता लागणार नाही. किती सोपं होतं. पण आत शीतल माळ्यावरून बॅग ओढत होती, आणि तिच्या आईचं नाव मात्र तसंच राहणार होतं, खरूज लावणारी म्हणून, ह्या घरात, कायमचं.

तो उठला. पायरी चढून उंबऱ्याशी उभा राहिला.

"ते सुटलेलं मानूस मी हाय," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. नम्रताच आधी बोलली. "बाबा, तुम्ही तर तिला शिवत पन नाय."

"दुपारी घेतो."

"कधी?"

"रोज."

"मी निजलेली असते तवा?" धोंडुबाई म्हणाली.

"तू घोरत असतेस तवा," कान्हू म्हणाला, आणि दोन्ही पंजे पुढे धरले. "ह्ये बघ. मी मिठाची खाज समजत हुतो."

धोंडुबाईने ते हात बघितले. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तिला हसू यायला हवं होतं, कदाचित आलंही असतं, पण तिला दुसरंच काही आठवलं आणि तिचे डोळे भरले. "आनि मी त्या बाईला उंबऱ्यावरनं परत घालवली. सनाच्या दिवशी. तुमी हितंच बसला हुता. बघत हुता."

"तवा मला ठाव नव्हतं गो."

"आनि ठाव असतं तर बोलला असता?"

कान्हूने विचार केला. खोटं बोलायचं तर आजच्या इतकं सोपं कधीच नव्हतं. "नसतो बोललो," तो म्हणाला.

शीतल आतल्या दारात बॅग हातात घेऊन उभी होती. कान्हूने तिच्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. किती लहान आहे ही, त्याला वाटलं, आपल्या नम्रतापेक्षा कितीतरी लहान.

"शीतल, ती बॅग ठेव गो पोरी," तो म्हणाला. "जायचं असंल तर मी जाईन खोपीत ऱ्हायला. पन तिला नेऊ नको. मला नाय करमनार."

शीतलने बॅग उंबऱ्याशी टेकवली. मग म्हणाली, "दुपारी ती कधी रडायची नाय. मला वाटायचं, माझी पोर किती शहाणी हाय."

संध्याकाळी अंगणात चूल पेटली. मोठ्या पातेल्यात चादरी, लंगोट, कान्हूचं धोतर, सगळं एकत्र उकळलं. वाफ उठून आंब्याच्या फांद्यांत अडकत होती. उन्हं उतरली होती, आणि त्या वाफेत घरातली माणसं पुसट दिसत होती, जुन्या फोटोतली असावीत तशी. प्रणित मलम घेऊन निडीला जाऊन आला होता. ह्या वेळी पुन्हा सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, तर येसूनेही. नम्रताने काहीतरी पुटपुटत स्वतःच्या हातांना फासलं, आणि मग कुणी न सांगता चादरी पिळायला बसली. कान्हूच्या पाठीला मलम लावलं ते प्रणितने. बापाच्या पाठीला त्याने हात लावला, त्याला किती वर्षं झाली होती, ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो खूप वेळ लावत राहिला. पाठ कधीच पांढरी झाली होती.

"झालं नाय अजून?" कान्हूने विचारलं.

"गप बसा हो बाबा," प्रणित म्हणाला.

"येसूबाय काय म्हनल्या?"

"लावते म्हणाल्या, पोरीसाठी. पन तिच्या पयल्या वाढदिवसाला येनार नायत. एकदा दारातनं परत गेलेलं मानूस पुन्हा त्या दारात येत नाय म्हणाल्या."

कान्हूने वाकून चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

वैशाखात पोरीचे तळपाय पुन्हा गुळगुळीत झाले. वाढदिवसाच्या सकाळी कान्हूने धुतलेला सदरा घातला आणि शीतलला म्हणाला, चल. पेण स्टेशनावर रोह्याची गाडी आली. पोरगी त्याच्या खांद्यावर होती. पण डब्यात जागा मिळाली, तसा तो बसला आणि त्याने तिला सगळ्यांसमोर मांडीवर घेतलं. समोरच्या बाकावर गावातलाच विठू होता, देवळासमोर त्या दिवशी हजर असलेल्या चार माणसांतला एक. त्याने मांडीकडे बघितलं, मग कान्हूकडे.

"कुनाची रे पोरगी?" त्याने विचारलं. ठाऊक असूनच.

"माझी," कान्हू म्हणाला.

विठूने नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघितलं. पुढे निडी आलं. स्टेशनातून वाडीपर्यंत उन्हातली पायवाट होती. पोरगी वाऱ्याने डोळे मिचकावत होती, आणि कान्हूला पुन्हा तसंच वाटत होतं, की चालतंय दुसरंच कुणीतरी.

येसू ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्यांना बघून उठली, पण पुढे आली नाही. आजूबाजूच्या दोन-तीन घरांतून बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"विहीनबाय," कान्हू म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. "रोग तुमच्याकडनं आला का आमच्याकडनं, ते देवाला ठाव. पन ऱ्हायला तो माझ्या हातात. तुमच्या नाय. मी सगल्यांना सांगितलं, आता तुमाला सांगायला आलो. नातीला घेऊन आलोय."

येसूने सूप खाली ठेवलं. "हात दाव," ती म्हणाली.

शीतलने पुढे होऊन पोरीची मूठ उघडून धरली.

"तिचा नाय," येसू म्हणाली. "त्याचा."

शीतलने आईकडे बघितलं. मग गुपचूप पोरीला आपल्याकडे घेतलं. कान्हूने तळहात सदऱ्याला पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. येसूने ते धरून उन्हात ओढले. एकेक बोट बाजूला करून बेचकी बघितली, पंजे उलटे केले, मनगटावर अंगठा फिरवला. तिला घाई नव्हती. वाडीवरच्या बायका बघत होत्या. कान्हूची मान गरम झाली होती, कानही. आजवर असं कुणी त्याला चारचौघांत उभं केलं नव्हतं, आणि केलं असतं तर त्याने ऐकून घेतलं नसतं. त्याने हात मागे घेतले नाहीत.

"बरं झालंय," येसू म्हणाली. तिने त्याचे हात सोडले, आणि मग पोरीला घेतलं.